मंगळवार-शुक्रवारची गोळी

९ जानेवारी

बारके,

पार्सल सोमवारी पोचलं. आत निघालं ते असं: पलंगपोस दोन, चिठ्ठीवरची किंमत एकेकाची तीनशे वीस. थर्मास एक, दोनशे दहा. छत्री एक, लाकडी मुठीची, एकशे ऐंशी. वर टपालखर्च पंचाहत्तर, तो तिकिटांवरून धरला. एकूण अकराशे पाच. शिवाय दोऱ्याची रिळं चोवीस, त्यांवर किंमत नाही. त्यातली सात हिरवी आहेत. सात हिरव्या रिळांचं मी काय करू ते तूच सांग.

पलंगपोस सुरेख आहेत. हात फिरवला आणि परत घडी घालून ठेवून दिले. पण हे जेवताना म्हणाले, "तुझ्या बहिणीला लॉटरी लागली की काय?" मी म्हटलं, पगार वाढला असेल. वाढला का?

आणि आता मुद्द्याचं. सप्टेंबरात फोनवर तू "डोक्यात गाठ आहे" म्हणालीस, आणि त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. फोनवर मी रडते, तू हं हं करतेस आणि पैसे पडत राहतात. म्हणून लिहून विचारते. आजार काय, औषध काय, किती आणि केव्हा घ्यायचं, सगळं ओळीने लिही. मी मॅट्रिक झालेली आहे, मला समजेल. आई गेल्यापासून तुझ्या डोक्यावर हात ठेवायला मीच उरले आहे. देवापुढे तुझ्यासाठी रोज एक माळ जास्त ओढते.

तुझी,
ताई


१७ जानेवारी

ताई, नमस्कार.

पगार वाढलेला नाही. लाँड्रीतल्या रफूवालीचा पगार आमचे मालक दर वर्षी पुढच्या वर्षी वाढवतात.

ओळीने लिहिते. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. माझी गाठ तिच्यावर आहे. कॅन्सर नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं. बाळंतिणीला ज्याच्यामुळे दूध येतं ते प्रोलॅक्टिन ही गाठ वाजवीपेक्षा शेकडो पटींनी जास्त करते. म्हणून माझी पाळी गेली, म्हणून डोकं दुखायचं. गाठ वाढून डोळ्यांच्या शिरांवर चढली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या कडा दिसेनाशा झाल्या. मी चौकटींना खांदे आपटायची आणि तू म्हणायचीस, धांदरट आहे.

आणि दूध, ताई. बावीस वर्षांची होते मी. ब्लाउज ओला झालेला आईने पाहिला. तुम्ही दोघींनी मला न्हाणीघरात नेलंत. आईने विचारलं, "कोण आहे तो?" तू कडीवर हात ठेवून उभी होतीस. कोणी नव्हतं. नंतरही मी कोणी होऊ दिलं नाही, कारण कोणी जवळ आलं असतं तर त्यानेही तेच विचारलं असतं. सोळा वर्षांनी एका परक्या बाईने कागदावरचा आकडा दाखवून सांगितलं, की कोणी असायची गरजच नव्हती.

असो. औषधाचं नाव कॅबरगोलीन. आधी मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धी अर्धी गोळी होती, डिसेंबरपासून त्याच दोन वारांना दोन दोन गोळ्या. रात्री जेवण झाल्यावर घ्यायची आणि आडवं व्हायचं. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं, नाहीतर भोवळ येते. पहिले पंधरा दिवस मळमळलं, आता काही नाही. तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, हृदयाचीही तपासणी आहे अधूनमधून. मनाने बंद करायची नाही. अजून एक सांगितलंय, पण ते आपल्यासारख्यांना लागू नाही.

आणि गंमत म्हणजे दिसायला लागलं! खिडकीशी बसले की कापडाचा उभा धागा वेगळा, आडवा वेगळा. परवा एका वकिलाच्या कोटाला सिगरेटचं भोक होतं ते असं भरलं की त्याला सापडेना. मालकांना म्हणाला, "माझा कोट बदलला तुम्ही!"

ती सात रिळं नीट उजेडात बघ. एकही हिरवा दुसऱ्यासारखा नाही. माझ्याकडे आता दोनशे अकरा आहेत.

तुझी,
बारकी


३ मार्च

बारके,

तुझं पत्र दोनदा वाचलं. डोळे सुधारले हे वाचून देवापुढे साखर ठेवली. न्हाणीघराचं लिहिलंस त्याबद्दल एवढंच म्हणते, की जुनं उगाळून हाताला काय लागतं? आई आता जाब द्यायला नाही. मी तेव्हा नवीन लग्न झालेली, माझं घरात काय चालत होतं?

फेब्रुवारीत काय काय आलं ते वाच. भिंतीवरची घड्याळं तीन. आमच्याकडे भिंती चार आणि त्यातल्या एकीत खिडकी. काचेचे पेले डझनभर, त्यातले दोन फुटलेले. ह्यांना बूट, मापाला मोठे. परत पलंगपोस, या वेळी चार. बेरीज सहा हजारांच्या वर गेली आणि मी पेन खाली ठेवलं. तुझा महिन्याचा पगार मला ठाऊक आहे.

गुरुवारी चौथं पार्सल आलं. ते मी न उघडता पोस्टमनच्या हाती परत दिलं. तो म्हणाला, "बाई, बघा तरी काय आहे." मी म्हटलं, "बघितलं तर मोह होईल. न्या."

आता खरं सांग. स्वतःची खोली घ्यायची म्हणून दहा वर्षं चहा सोडून पैसे साठवलेस, त्यांना हात लावलास का? हे म्हणतात, बाई चाळिशीला आली की डोकं फिरतं. मी म्हणते, आमच्या घरातली नाही फिरणार. आपण दोघी एका फाटक्या परकराचे चार रुमाल करणाऱ्या आईच्या मुली. मी वहीत जन्मात एक आकडा खोटा लिहिला नाही. तुझ्याकडूनही खरंच पाहिजे.

ताई


१९ मार्च

ताई,

पार्सल परत आलं. त्यात तुझ्यासाठी लोकरीची शाल होती. आता ती इथे बाकीच्यांवर पडली आहे.

खरं विचारलंस म्हणून सांगते. खोलीचे पैसे गेले. सगळे नाही, पण जवळजवळ सगळेच. पलंगाखाली खोकी आहेत, ती मी उघडलेलीसुद्धा नाहीत. कपाटामागे आहेत. मोरीच्या वरच्या फळीवर इस्त्र्या आहेत चार. लाँड्रीत काम करणारीला घरी चार इस्त्र्या!

मला कळतं ग. दुकानाच्या पायरीवर मला कळतं की हे नको. पण आत काहीतरी ठणकतं, दात दुखावा तसं, आणि वस्तू हातात घेऊन पैसे दिले की दोन मिनिटं थांबतं. घरी येईपर्यंत परत सुरू. रिळांपासून सुरू झालं. रिळं कामाला लागतात, म्हणून मला वाटलं कामाचंच आहे. तुला पाठवलं की वाटायचं, चला, हे तरी कोणासाठी तरी झालं.

एकदा पाकीट घरी ठेवून बाहेर पडले. तर दुकानदार म्हणाला, "पैसे उद्या द्या की, तुम्ही काय पळून जाताय?" तेव्हा मी पळूनच आले. पायऱ्यांवर बसून रडले.

काम मात्र नीट होतं. नजर अजून सुधारली आहे. कोणाला सांगू नकोस. भाऊजींना तर नाहीच. तुला वाटलं तर मला दोन वाईट शब्द लिही, पण पार्सल परत पाठवलंस तसं पत्र परत पाठवू नकोस.

बारकी


५ एप्रिल

बारके, बाळा,

तुझं पत्र वाचून मी तुझ्या जुन्या पार्सलांची खोकी काढून बसले. दुकानांच्या चिठ्ठ्या मिळाल्या तर वस्तू परत करता येतील, असा विचार होता. पेल्यांच्या मध्ये तू कागद चुरगळून घातले होतेस. त्यातला एक बारीक अक्षरांचा निघाला. तुझ्या गोळीच्या डबीतला माहितीचा कागद. भिंगाखाली सबंध दुपार वाचला. निम्मा कळला नाही, पण एक ओळ कळली. कागद तसाच औषधांच्या दुकानात नेला. तिथला माणूस शिकलेला आहे, चष्मा कपाळावर ठेवून बोलतो.

मी विचारलं, "हे जे लिहिलंय, जुगार, वारेमाप खरेदी, स्वतःला आवर न घालता येणं, हे गोळीने होतं?"

तो म्हणाला, "होतं काहींना. घरच्यांच्या आधी लक्षात येतं. कोण घेतंय?"

मी म्हटलं, "माझी बहीण."

बारके, तू वाईट नाहीस. तुझं डोकं फिरलेलं नाही, तुला हाव सुटलेली नाही. ते त्या गोळीचं काम आहे. दुकानातून घरी येईपर्यंत मी रस्त्यात हे मोठ्याने म्हणत होते, लोक बघत होते. मी तुला काय काय लिहिलं! पार्सल परत केलं!

आता माझं ऐक. तो औषधवाला म्हणाला, असली गोळी ताबडतोब बंद करा. शिकलेल्या माणसाचा शब्द आहे, माझा नव्हे. उरलेल्या गोळ्या नळाखाली धर आणि सोडून दे. ज्या औषधाने माणूस स्वतःचा राहत नाही ते औषध कसलं? डॉक्टरीणबाईंना विचारायला जाशील तर त्या दुसरी गोळी देतील आणि परत पहिल्यापासून. नजर सुधारली आहेच. पुढचं देवावर सोड. मी अकरा शनिवार निरंकार उपास धरायचं बोलले आहे.

ताई


२४ मे

ताई, नमस्कार.

तुझं पत्र आलं तो शुक्रवार होता. गोळ्या समोर होत्या. मनाने बंद करू नका असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, म्हणून थोडी थांबले. मग वाटलं, औषधवाला खोटं कशाला सांगेल. सोडून दिल्या.

तीन आठवड्यांत थांबलं, ताई. एके दिवशी दुकानावरून गेले आणि चार पावलं पुढे गेल्यावर लक्षात आलं की आपण दुकानावरून आलो. रस्त्यातच हसू आलं. इस्त्र्या मालकांनी घेतल्या, निम्म्या किमतीत. "पगारातून वाढवून देतो" म्हणाले, म्हणजे गेल्याच त्या. माझ्याकडची दोन घड्याळं लाँड्रीच्या मागच्या खोलीतल्या बायांना दिली. बाकी हळूहळू काढीन.

तुला एक सांगायचं राहिलंय. "आपल्यासारख्यांना लागू नाही" असं मी जानेवारीत लिहिलं होतं ना, ते हेच. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पैसे उधळावेसे वाटले, कशाचा नाद लागल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी मला सांगा, आणि घरच्या माणसालाही सांगून ठेवा." मला हसू आलं होतं. आपल्या घरात उधळणारं कोण? आणि मग जेव्हा झालं तेव्हा ओळखलंच नाही. किंवा ओळखलं आणि लाज वाटली. आता नक्की सांगता येत नाही.

एप्रिलची त्यांची तारीख मी चुकवली. काय तोंड दाखवू? आधी सांगितलं नाही, वर गोळी बंद केली. मागच्या आठवड्यात चौकटीला खांदा लागला, पण तिथे पोतं ठेवलेलं होतं. डोकं थोडं जड असतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल.

तुझी,
बारकी


२ जून

बारके,

देवाने ऐकलं! तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं, घड्याळांपर्यंतचं. ह्यांनी तीन भिंतींकडे बघितलं आणि म्हणाले, "आमची मात्र राहू देत."

झालं गेलं गंगेला मिळालं. पैसे परत साठतील. माणूस परत आलं हे मोठं. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन नसती बोलणी कशाला खायची? नंबर काढून घे आणि दिव्याखाली काम करू नकोस. डोक्याला थोडं तेल चोळ. गाजर खात जा.

माझे आठ शनिवार झाले. तीन राहिले.

ताई


२८ ऑगस्ट

ताईस,

पट्टी ठेवून ओळी धरते आहे. तरी कुठे शब्द दोनदा पडला तर समजून घे.

दवाखान्यात आठ दिवस तू उशाशी बसलीस. माझे कपडे धुतलेस, परिचारिकांशी भांडलीस. मी बोलले नाही आणि नवव्या दिवशी तुला "घरी जा" म्हटलं. तू पिशवी भरलीस आणि दारातून परत येऊन माझं पांघरूण सारखं केलंस. ते मला दिसलं नाही, त्या बाजूचं दिसत नव्हतं. पण कळलं. घरी जा का म्हटलं ते आता लिहिते, कारण तोंडाने सांगता आलं नसतं.

जून सरता सरता कडा परत गेल्या. मी कोणाला सांगितलं नाही. तुझे शनिवार नुकतेच संपले होते, आणि तू "माणूस परत आलं" म्हणाली होतीस. मला ते तसंच राहायला हवं होतं. डोळ्यांचं सांगितलं असतं तर परत गोळी आली असती, परत खोकी, परत तुझं ते मार्चचं पत्र. चौकट लागली की मी सॉरी म्हणायची. चौकटीला.

जुलैच्या अकरा तारखेला एका पैठणीचा काठ भरत होते. एकदम डोक्यात कोणीतरी कुऱ्हाड घातली. ओकले त्या साडीवरच. मालक धावत आले. मी म्हटलं, "मालक, दिवे का घालवले?" ते म्हणाले, "बाई, दुपारचे दोन वाजलेत." त्यांनी मला उचलून कपड्यांच्या हातगाडीवर घातलं आणि रस्ताभर ओरडत नेलं. इतका चिक्कू माणूस, पण दवाखान्यात पैसे भरताना पावतीसुद्धा मागितली नाही म्हणे.

गाठ वाढली होती आणि तिच्यात रक्त उतरलं होतं. नाकातून नळी घालून काढली, जेवढी निघाली तेवढी.

डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मला फेब्रुवारीत का नाही सांगितलंत? मी डोस कमी केला असता. नसतं थांबलं तर शस्त्रक्रिया केली असती, दिसत होतं तोवरच. रस्ते होते हो." मी म्हटलं, "औषधवाल्याने ताबडतोब बंद करायला सांगितलं." त्या म्हणाल्या, "कुठला औषधवाला असं सांगेल?"

तेव्हाच माझ्या मनात आलं, ताई. त्या दिवसापासून तुझ्याशी बोलता आलं नाही ते त्यामुळे. एवढंच मला सांग. त्याने तुला नेमकं काय सांगितलं होतं?

नजर थोडी आली. समोरचं दिसतं, वाचता येतं. दोन्ही बाजूंच्या कडा गेल्या त्या गेल्या. पण रफूचं विचित्र झालंय. सुईच्या टोकाकडे बघितलं की सुईच्या मागचं कापडच नाहीसं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कडा गेलेल्यांना असं होतं, दोन डोळे एका जागी जुळले की त्याच्या पलीकडचं कोणत्याच डोळ्याला दिसत नाही. म्हणजे एक तर सुई, नाहीतर कापड. दोन्ही मिळून नाही. मालकांनी मला पावत्या लिहायला पुढे बसवलं आहे. मागच्या खोलीत माझ्या खिडकीशी दुसरी मुलगी बसते. हात बरा आहे तिचा, जरा घाई करते.

गोळी परत सुरू केली आहे. मंगळवारी अर्धी, शुक्रवारी अर्धी, त्याहून जास्त नाही. उरलेली गाठ वाढू नये म्हणून. दर महिन्याला तपासणी. आणि एक घरचं माणूस लागतं, ज्याला त्या फोन करून विचारतील, की ही उधळायला लागली का, नाद लागला का, गोळी चुकवते का. अर्जावर त्या माणसाचं नाव लिहायचं होतं. मी मालकांचं लिहिलं.

बारकी


६ सप्टेंबर

बारके,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला चार दिवस लागले. तीन कागद फाडले, मी, जी पाकिटांच्या आतल्या बाजूवर यादी करते.

विचारलंस ते सांगते. औषधवाल्याने बंद करा म्हटलं नाही. मी दुकानाच्या पायऱ्या उतरत होते, तेव्हा तो गल्ल्यामागून बाहेर येऊन म्हणाला, "बाई, ऐका. त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा. डोस बदलतील ते. पण स्वतःहून बंद करायला सांगू नका हं, गाठ असेल तर महागात पडेल." माझ्या हाताला धरून म्हणाला. मी "बरं" म्हटलं. एवढं स्पष्ट ऐकूनही मी घरी येऊन तुला उलटं लिहिलं.

का, ते मीही स्वतःला विचारलं. देवापुढे बसून विचारलं, तिथे काही आलं नाही. मग भांडी घासताना आलं. मला वाटलं, मी नुसती बंद कर म्हटलं तर तू ऐकणार नाहीस. न्हाणीघरातली बहीण सांगते, तिचं का ऐकावं? म्हणून माझा शब्द त्याच्या तोंडात घातला. आणि खरं त्याच्याही खाली आहे. तू वाईट नाहीस हे कळल्याचा मला इतका आनंद झाला, की मला ती गोळी मेलेली हवी होती. त्या दिवशी, त्या तासाला. फोन, डॉक्टर, डोस कमी, महिनाभर वाट, एवढा मला धीर नव्हता. तुझ्या डोळ्यांपेक्षा माझी बहीण चांगली ठरणं मला मोठं वाटलं. तुला मी मार्चमध्ये खरं सांग म्हणून दटावलं, आणि तू खरं लिहिलंस. खोटं मी लिहिलं.

आणि तेव्हाही तेच केलं होतं. न्हाणीघरात आईने विचारलं तेव्हा माझं काही चालत नव्हतं हे खरं नाही. मी म्हणू शकले असते, "आई, तिला डॉक्टरकडे नेऊ." माझ्या मनात आलं होतं. पण डॉक्टरने आईचंच खरं ठरवलं तर, या भीतीने मी कडी धरून उभी राहिले. सोळा वर्षं ती गाठ तुझ्या डोक्यात वाढली. कडी माझ्या हातात होती.

क्षमा माग असं मला कोणी शिकवलं नाही, आणि मागितली तरी तुझ्या सुईमागचं कापड त्याने दिसणार नाही. म्हणून मागत नाही. ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी पिशवी खुंटीवरून काढून दिली. मग म्हणाले, "तू तिकडे जा." मी म्हटलं, तिने जा म्हटलंय, ये म्हटलेलं नाही.

अर्जावर मालकांचं नाव लिहिलंस ते राहू दे. बदलू नकोस. त्यांनी तुला गाडीवर घालून नेलं, आणि मी तुला गाजर खायला सांगत होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच विचारावं. माणूस हिशेबी आहे, खोटं सांगणार नाही. त्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. गोळीच्या कागदावर काय काय लिहिलं होतं, औषधवाला खरोखर काय म्हणाला, तुझं कशापासून सुरू झालं, कशाकशाला नकार देता आला नाही, ते सगळं. म्हणजे परत तसं काही दिसलं तर ते ओळखतील, आणि बंद करायला न सांगता फोन करतील.

तुझ्याकडे मी एकच मागते, तेही जमलं तर. सोबत बावन्न कार्डं आहेत. प्रत्येकावर तिकीट लावलं आहे, माझा पत्ता लिहिला आहे. खर्च विचारू नकोस, वहीत लिहिलेला नाही. शुक्रवारी गोळी घेतलीस की एका कार्डावर "घेतली" एवढं लिहून पेटीत टाक. दुसरं काही नको. मला नमस्कारही नको. आणि कार्डाच्या मधोमध लिही, कडेपर्यंत जायचं कारण नाही.

आज रविवार. परवा मंगळवार आहे. हे पत्र तुला बुधवारी मिळेल. या शुक्रवारी पहिलं कार्ड टाक.

ताई